वर्ल्डकॉनच्या पॅनेलवर बसायचंय? अर्जापासून शेवटच्या प्रश्नापर्यंतची तयारी

लांब टेबल, त्यावर कापड, चार-पाच खुर्च्या, माईक आणि पाण्याच्या बाटल्या. वर्ल्डकॉन या जागतिक विज्ञानकथा संमेलनातलं पॅनेल लांबून पाहिलं तर आपल्या साहित्य संमेलनातल्या परिसंवादासारखंच दिसतं. पण परिसंवादात प्रत्येक वक्ता टिपण घेऊन उठतो, पंधरा-वीस मिनिटं बोलतो, मग पुढचा वक्ता आपलं टिपण काढतो आणि शेवटी अध्यक्ष समारोप करतात. पॅनेलमध्ये यातलं काहीच होत नाही. कुणी उभं राहत नाही, कुणी भाषण करत नाही. चार माणसं एकमेकांशी बोलतात आणि समोरचे लोक ते ऐकतात, एवढंच. तयारी कशी करायची, टिपणं किती काढायची, थांबायचं कधी, हे सगळं या एका फरकावर ठरतं. चांगलं लिहिणारी, भरपूर वाचलेली आपली माणसं अशा ठिकाणी फिकी पडतात ती बहुतेकदा याच कारणाने. मला ते मनापासून खटकतं, कारण सांगण्यासारखं त्यांच्याकडे खूप असतं.

आधी वर्ल्डकॉनची रीत समजून घ्या

पहिलं वर्ल्डकॉन जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला भरलं, तेव्हा दोनेकशे माणसं होती. महायुद्धामुळे १९४२ ते १९४५ ही वर्षं बंद राहिलं, बाकी दरवर्षी भरत आलंय. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठीचे ह्यूगो पुरस्कार इथेच दिले जातात, १९५३ मध्ये ते पहिल्यांदा दिले गेले. शहर दर वर्षी बदलतं आणि ते सभासदांच्या मतदानाने ठरतं: २०१७ ला हेलसिंकी, २०१९ ला डब्लिन, २०२३ ला चेंगडू, २०२४ ला ग्लासगो, २०२५ ला सिअ‍ॅटल. २०२६ साठी कॅलिफोर्नियातलं अ‍ॅनाहाइम निवडलं गेलं, तारखा २७ ते ३१ ऑगस्ट.

सगळा कारभार हौशी कार्यकर्ते चालवतात, तेही बिनपगारी. म्हणून इथे तिकीट नसतं, सभासदत्व असतं. आणि बहुतेक वेळा पॅनेलवर बसणाऱ्यालाही ते स्वतःच्या खिशातून घ्यावं लागतं. मानधन नाही, प्रवासखर्च नाही. संमेलनाकडे शिल्लक उरली तर काही वेळा सहभागी लोकांना सभासदत्वाचे पैसे नंतर परत मिळतात, पण त्याच्या भरवशावर राहू नका. मोजके सन्माननीय पाहुणे सोडले तर सगळे एकाच पंगतीतले. तिसऱ्या रांगेत बसलेली बाई अंतराळयानांच्या इंधनटाक्यांवर काम करणारी अभियंता असू शकते, आणि तिने तुमच्या विषयावरची पुस्तकं तुमच्यापेक्षा जास्त वाचलेली असू शकतात. तेव्हा शिकवण्याचा सूर घरी ठेवून जा.

कार्यक्रम एकाच वेळी दहा-बारा खोल्यांत चालू असतात. कथावाचन, कार्यशाळा, लेखकासोबत एका टेबलाभोवती गप्पा, स्वाक्षऱ्या असं बरंच काही असतं, पण सगळ्यात जास्त संख्या पॅनेलचीच. वेळ साधारण ५० ते ६० मिनिटं. माणसं चार किंवा पाच, त्यातला एक मॉडरेटर, म्हणजे चर्चा चालवणारा.

अर्ज: सहा महिने आधीपासून

संमेलनाच्या बऱ्याच आधी दोन फॉर्म खुले होतात. एकात पॅनेलसाठी विषय सुचवायचे असतात, दुसऱ्यात स्वतः सहभागी व्हायची इच्छा कळवायची असते. दोन्ही भरा. नुसता विषय सुचवला म्हणून त्या पॅनेलवर तुम्हालाच बसवतील असं नाही.

फॉर्म भरला की पुढे प्लॅनोरामासारख्या एखाद्या ऑनलाइन प्रणालीत खातं उघडायला सांगतात. तिथे तुमची माहिती, उपलब्ध वेळा, दिवसाला जास्तीत जास्त किती कार्यक्रम झेपतील, मॉडरेटर व्हायची तयारी आहे का, असे प्रश्न असतात. कुणासोबत बसायला नको असेल तर तेही गोपनीयपणे लिहिता येतं. मग विषयांची लांबलचक यादी येते. त्यातले हवे ते निवडायचे, आणि प्रत्येकापुढे आपण या विषयावर काय बोलू शकतो ते दोन-तीन ओळींत लिहायचं. या दोन-तीन ओळींवर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. निवड करणारे कार्यकर्ते शेकडो अर्ज वाचत असतात, तुमचं पूर्ण पुस्तक वाचायला त्यांना वेळ नसतो. 'मला या विषयात खूप रस आहे' असं सगळेच लिहितात. 'मी बारा वर्षं धरणांच्या पाणीवाटपाचं काम केलंय आणि माझ्या दोन कथा त्यावर आहेत' असं वाचलं की नाव लक्षात राहतं.

स्वतःविषयीच्या मजकुरात एकही गोष्ट फुगवून लिहू नका, कारण नावं तपासली जातात. सिअ‍ॅटलच्या आयोजकांनी २०२५ मध्ये ही तपासणी करताना चॅटजीपीटीची मदत घेतली. ते बाहेर आलं तेव्हा मोठा संताप उसळला आणि संमेलनाच्या अध्यक्षांना जाहीर माफी मागावी लागली. तो संताप मला रास्त वाटतो. ज्या लेखकांची पुस्तकं न विचारता अशा यंत्रांच्या पोटात गेली, त्यांचीच पारख त्याच यंत्राकडून करवून घेणं दुखावणारं होतं.

भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसाचं काम सभासदत्व घेतल्याबरोबर सुरू करा. आयोजक विनंतीवरून निमंत्रणपत्र देतात, ते मागून घ्या. व्हिसा नाही मिळाला तर सगळं संपत नाही. कोविडमुळे २०२० चं न्यूझीलंडचं वर्ल्डकॉन पूर्णपणे ऑनलाइन भरलं, आणि नंतरच्या काही संमेलनांत ऑनलाइन पॅनेलं कार्यक्रमाचा भाग झाली. अर्जात ऑनलाइनची तयारी नोंदवताना वेळेचा हिशेब करून ठेवा. ऑगस्टमध्ये ग्लासगो आपल्या साडेचार तास मागे असतं, म्हणजे सगळं सोयीचं. अ‍ॅनाहाइम साडेबारा तास मागे. तिथले सकाळचे दहा म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा, आणि तिथली दुपार म्हणजे आपली ऐन मध्यरात्र.

विषय निवडताना

भारतातून किंवा भारतीय नावाने अर्ज आला की 'जगभरातली विज्ञानकथा' किंवा 'इंग्रजीपलीकडचं साहित्य' अशा पॅनेलवर बसवण्याकडे कल असतो. त्यात वाईट हेतू नसतो. पण अशा पॅनेलवर पाच देशांची पाच माणसं आपापल्या देशाचा आढावा घेतात, संवादाला जागाच उरत नाही आणि पुन्हा भाषणंच होतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की असं एखादंच पॅनेल घ्या, बाकीची तुमच्या कामाची, तुमच्या ध्यासाची मागा. तुम्ही रेल्वेत सिग्नलचं काम करत असाल तर दळणवळणावरचं मागा. परिचारिका असाल तर भविष्यातल्या रुग्णालयांचं. दशावतारातल्या सोंगांचा नाद असेल तर परग्रहवासीयांच्या रंगभूषेचं. मराठी अनुभव अशा ठिकाणी आपोआप येतो आणि जास्त खोल जातो.

दिवसाला दोनपेक्षा जास्त पॅनेलं घेऊ नका. पहिल्या दिवशी उत्साहात होकार दिला जातो, चौथ्या दिवशी घसा बसलेला असतो.

टिपणं: एका कार्डावर मावतील एवढीच

मॉडरेटर साधारण दोन-तीन आठवडे आधी सगळ्यांना ईमेल करतो. नाही केला तर तुम्ही करा, त्यात काहीच गैर नाही. प्रत्येकाने थोडक्यात ओळख द्यावी, नावाचा उच्चार कळवावा, आणि कुठला मुद्दा बोलायला आवडेल, कुठला अजिबात नको, ते सांगावं. मुद्द्यांवर तिथेच वाद घालत बसू नका. ईमेलवर सगळं बोलून झालं की व्यासपीठावर ते शिळं होतं.

तयारी म्हणून मी तीन गोष्टी सुचवेन. एक, विषयाबद्दल तुमचं नेमकं म्हणणं काय ते एका वाक्यात. दोन, ते पटवणारी दोन-तीन ठोस उदाहरणं, प्रत्येक पाऊण मिनिटात सांगता येईल असं. तीन, सोबतच्या प्रत्येकाला विचारायचा एक प्रश्न, आणि त्यासाठी त्यांचं किमान एखादं लिखाण आधी वाचलेलं असावं.

पाऊण मिनिटाचं उदाहरण म्हणजे कसं? समजा चर्चा 'नावावरून लेखकाची पारख' अशी आहे. तुम्ही सांगा: जयंत नारळीकर खगोलशास्त्रज्ञ म्हणून जगात नावाजलेले होते, तेव्हा १९७४ मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी केली होती. परीक्षकांना लेखक कोण हे ठाऊक नव्हतं, आणि कथेला बक्षीस मिळालं. झालं, इथे थांबा. मराठी विज्ञानकथेचा सगळा इतिहास मागून जोडायचा मोह होईल, तो आवरा. कुणाला हवा असेल तर तो विचारेल, आणि विचारल्यावर सांगितलेलं जास्त ऐकलं जातं.

इंग्रजीची धास्ती

'माझं इंग्रजी तितकंसं चांगलं नाही' या वाक्याने कधीही सुरुवात करू नका. खोलीत फिनिश, पोलिश, ब्राझीलची, चीनची माणसं बसलेली असतात आणि सगळ्यांचं इंग्रजी आपापल्या वळणाचं असतं. हळू बोला. मराठी नावं, गावं, पुस्तकं कार्डावर मोठ्या रोमन अक्षरांत लिहून न्या आणि उल्लेख आला की ते कार्ड उंच धरा. लोक फोटो काढून घेतात. पडद्यावर कॅप्शन दिसणार असतील तर हीच यादी आयोजकांना आधी पाठवा, म्हणजे 'पुरंदर' चं भलतंच काही उमटणार नाही.

प्रत्यक्ष दिवस

पॅनेलवाल्यांसाठी ग्रीन रूम असते. तिथे पंधरा-वीस मिनिटं आधी पोहोचा. चहा-कॉफी असते, नावाच्या पाट्या बहुधा तिथे नाहीतर थेट टेबलावर मिळतात, आणि मुख्य म्हणजे सोबतच्या माणसांचे चेहरे ओळखीचे होतात. मॉडरेटरने इथे दोनच गोष्टी नक्की कराव्यात: पहिला प्रश्न कुणाला जाणार, आणि श्रोत्यांचे प्रश्न कधी सुरू होणार.

खोलीत वेळेआधी जा. हेलसिंकीला २०१७ मध्ये पहिल्या दिवशी अपेक्षेपेक्षा खूप जास्त गर्दी झाली. खोल्या भरल्या, आगीच्या नियमांमुळे उभं राहून ऐकायची परवानगी नव्हती, आणि बाहेर रांगाच रांगा. आयोजकांना धावपळ करून जादा खोल्या मिळवाव्या लागल्या. ऐकायला जाणाऱ्यांनीही आवडीचं पॅनेल असेल तर आधीच जागा धरावी. दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं असेल तर मध्येच शांतपणे उठून जाणं तिथे चालतं, कुणी मनाला लावून घेत नाही. पॅनेलवर असाल तर तुम्हीही लावून घेऊ नका. जमिनीवर चिकटपट्टीने आखलेल्या मोकळ्या जागा चाकाच्या खुर्चीसाठी असतात, तिथे पिशव्या ठेवायच्या नाहीत.

माईक. आवाज कितीही खणखणीत असला तरी माईक वापरा, आणि तोंडापासून चार बोटांवर धरा. 'माईकशिवाय ऐकू येतंय ना?' असं विचारलं की ज्यांना ऐकू येत नाही ते गप्पच राहतात. श्रवणयंत्राची जोडणी, कॅप्शन, ऑनलाइन प्रक्षेपण, सगळं त्या माईकवरून जातं.

स्वतःची पुस्तकं टेबलावर भिंतीसारखी रचणारे लेखक असतात. मागच्या रांगेला त्यांचं अर्धं तोंड दिसत नाही. एक पुस्तक आणा, ओळख देताना दाखवा आणि आडवं ठेवून द्या.

मॉडरेटर असाल तर

हे काम मिळालं तर पॅनेलवर बसण्याच्या दुप्पट तयारी लागते, आणि बोलायला निम्म्याहून कमी मिळतं. टेबलाच्या मधोमध बसू नका, टोकाला बसा. मधे बसलं की दोन्हीकडे मान वळवत राहावं लागतं आणि एका बाजूचा माणूस बोलायला आतुर आहे हे कळतच नाही.

५० मिनिटांची माझी वाटणी अशी: ओळखींना चार-पाच मिनिटं, आपसातल्या बोलण्याला तीस, श्रोत्यांना बारा, आणि शेवटी प्रत्येकाचं एक वाक्य. ओळख ज्याने-त्याने द्यावी, पण अर्ध्या मिनिटात. पहिली ओळख दोन मिनिटांची झाली की बाकीचे त्याच मापाने जातात, म्हणून सगळ्यात आटोपशीर बोलणाऱ्यापासून सुरुवात करा.

पहिला प्रश्न पूर्ण पॅनेलचा रंग ठरवतो. समजा विषय आहे 'कोरड्या ग्रहावरची शेती', आणि टेबलावर एक कादंबरीकार, एक मृदाशास्त्रज्ञ, एक संपादक आणि पुण्याहून आलेली एक कथालेखिका आहे. 'विज्ञानकथेत शेतीचं स्थान काय?' असं विचारलंत तर चार निबंध ऐकावे लागतील. त्याऐवजी विचारा: 'तुमच्या वस्तीत पाणी कमी पडलं तर सगळ्यात आधी कुणाचं तोडलं जातं, आणि ते ठरवतं कोण?'

मृदाशास्त्रज्ञ सांगेल की मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट क्षार आहेत, २००८ मध्ये फिनिक्स यानाला ते सापडले, आणि ते काढून टाकल्याशिवाय तिथलं पीक खाण्याजोगं होणार नाही. इथे मॉडरेटरचं काम दिसतं. 'छान माहिती' म्हणून पुढच्या प्रश्नावर जायचं नाही. 'म्हणजे आधीच कमी असलेलं पाणी माती धुण्यात जाणार. तुमच्या कादंबरीत हा निर्णय कोण घेतं?' असं म्हणत ते कादंबरीकाराच्या हातात द्यायचं. तो म्हणेल, कॅप्टन. मग कथालेखिकेकडे वळा. तिने पुरंदर तालुक्यातल्या पाणी पंचायतीबद्दल आधीच ईमेलमध्ये लिहिलेलं असतं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला उभी केलेली ती व्यवस्था: पाणी जमिनीच्या मापाने द्यायचं नाही, घरातल्या डोक्यांच्या मापाने द्यायचं, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही. ती एवढंच सांगेल आणि कादंबरीकाराला विचारेल, 'तुमच्या कॅप्टनने ऊस लावला असता का?' खोली ताठ बसते ती अशा क्षणी. मृदाशास्त्रज्ञाला एकटीला हे सुचलं नसतं, लेखिकेलाही नाही. चार जण एकत्र बसवण्याचं प्रयोजन तेच.

थांबवणं ही आपल्याला सगळ्यात जड जाणारी गोष्ट. वयाने मोठ्या, नावाजलेल्या माणसाचं बोलणं मधेच तोडायचं नाही हे आपल्यावर लहानपणापासून बिंबलेलं असतं. पण गप्प बसलेल्या तिघांचा आणि समोर बसलेल्या सगळ्यांचा वेळही तुमच्याच हातात दिलेला आहे. उपाय असा: पुढे झुका, हात टेबलावर ठेवा, म्हणजे बोलणाऱ्याला चाहूल लागते. वाक्य संपून श्वास घेतला जातो तेवढ्यात त्यांचाच शेवटचा शब्द उचला आणि दुसऱ्याकडे न्या. 'कर्ज म्हणालात, सर. हाच मुद्दा मला यांच्याकडून ऐकायचाय.' त्यांचा मुद्दा पुढे गेला, म्हणून मान राखला गेला. आणि बोलणं थांबलंही. बोलावताना नाव आधी घ्या, प्रश्न नंतर. तंद्री लागलेला माणूस नावाने जागा होतो आणि प्रश्न पूर्ण ऐकतो.

मॉडरेटरने स्वतःचं मत मांडूच नये असं नाही, पण शेवटी मांडावं आणि थोडक्यात. कॅन्सस सिटीला २०१६ मध्ये लघुकथेवरच्या पॅनेलच्या मॉडरेटरने सुरुवातीलाच स्वतःचं निवेदन वाचायला घेतलं आणि चर्चा त्यातच अडकली. आचारसंहिता मोडल्याबद्दल संमेलनाने त्याचं सभासदत्व रद्द केलं. आचारसंहिता सगळ्यांना लागू असते, व्यासपीठावरच्यांनाही. ती आधी वाचून जा.

श्रोत्यांचे प्रश्न

'हा प्रश्न नाही, एक टिप्पणी आहे' असं म्हणणारे तिथेही असतात. सुरुवातीलाच हसतमुखाने सांगा की प्रश्न एका श्वासात मावेल एवढाच असावा. पहिला हात वर आला की लगेच बोलावू नका. पाच सेकंद थांबा, मग मागच्या रांगांत आणि कडेला दुसरे हात दिसतात. त्यातून निवडा. विचारणाऱ्याकडे माईक नसेल तर प्रश्न तुमच्या माईकवरून पुन्हा सांगा, आणि सांगताना आटोपशीर करा. प्रत्येक प्रश्नाला चौघांनीही उत्तर द्यायची गरज नाही. एक किंवा दोघं पुरे.

दाराजवळचा कार्यकर्ता दहा, पाच, एक अशी मिनिटांची पाटी दाखवतो. पाच दिसली की शेवटचा प्रश्न घ्या. वेळ संपली की टेबल लगेच सोडा, पुढचं पॅनेल दाराशी उभं असतं. बोलायला आलेल्यांना घेऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये या. खरी ओळखपाळख तिथे होते. अनुवादाला मजकूर शोधणारे संपादक भेटतात ते इथेच, म्हणून एखादी इंग्रजीत अनुवादित कथा फोनमध्ये पाठवायला तयार असू द्या.

त्याच रात्री दोन कामं उरकून टाका. सोबतच्यांना आभाराचा ईमेल, आणि पॅनेलमध्ये उल्लेख आलेल्या सगळ्या पुस्तकांची यादी सगळ्यांना. यादी करायला कुणालाच वेळ नसतो, त्यामुळे जो करतो त्याचं नाव लक्षात राहतं. मराठी पुस्तकाचा अनुवाद उपलब्ध असेल तर प्रकाशकाचं नाव लिहा. नसेल तर 'अजून अनुवाद नाही' असं स्पष्ट लिहा. ते वाचून विचारणा करणारं कुणी ना कुणी निघतं.